पिशवीतले कागद

नमस्कार श्रोतेहो.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथं पाणी दर खेपेला आधी शिरतं, पण त्या वर्षी ते मारुती चौक गिळून बाजारपेठेत आलं. मग अख्ख्या महाराष्ट्रातून गाड्या आल्या. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चटया, चादरी, भाकरीची गाठोडी. ज्यांनी ज्यांनी पाठवलं त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आज मला सांगायचंय ते गाड्या परत गेल्यानंतरचं.

पाणी ओसरलं होतं, घराघरातून चिखल काढायचं काम चाललं होतं. आम्ही चार-पाच जणी झाडू आणि फिनेल वाटत एका गल्लीत फिरत होतो. एका दारात एक बाई उभी होती. तिनं झाडू घेतला नाही. आत गेली, एक कॅरीबॅग घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, एवढं तेवढं वाळवून द्याल काय? फाटंल म्हणून मी हातच लावला न्हाई." पिशवीत रेशनकार्ड होतं, थोरल्या मुलीचा शाळेचा दाखला होता, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, पासबुक होतं. सगळं एकमेकांना चिकटून लगदा व्हायच्या बेतात.

आम्ही ती पिशवी घरी आणली. कागद सुटे करायला चमचा चालत नाही, सुरी चालत नाही. बोटाचं टोक पाण्यात बुडवून एकेक कड उचलायची. मग वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, पंखा बारीक लावायचा, दर तासाला घडी बदलायची, आणि शेवटी वर सुती कापड टाकून अगदी कोमट इस्त्री फिरवायची. पहिल्या दिवशी एक पिशवी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात पिशव्यांची रांग लागली. आमचा गट असा सुरू झाला. आमच्या गटाला नाव नाही आणि पावतीपुस्तकही नाही.

मी टपाल खात्यात एकतीस वर्षं काउंटरवर बसले. मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणं, आलेलं पत्र वाचून दाखवणं, हे माझं रोजचं काम. तरीसुद्धा गरिबाच्या घरात कागदाचं वजन किती असतं, ते मला त्या पिशव्यांनी शिकवलं. नवरा गेलेल्या बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, त्यासाठी रेशनकार्ड, आणि रेशनकार्डावरून नवऱ्याचं नाव कमी करायचं तर मृत्यूचा दाखला. एक कडी तुटली की पुढचं सगळं अडलं. आणि हो, २१,००० भागिले १२ करून पाहा. महिन्याला १,७५० रुपये होतात. चार घरची भांडी घासणारी बाईसुद्धा या रेषेच्या वर जाते. ही मर्यादा वाढायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जिथं संधी मिळेल तिथं मी ते बोलत राहणार.

तहसील कचेरीत माणसं वाईट नसतात. गर्दी असते, सर्व्हर बंद असतो, साहेब फिरतीवर असतात. आपण नोकरदार माणसं "उद्या या" हे ऐकून घरी येतो. पण हळदीच्या पेठेत किंवा द्राक्षाच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला "उद्या या" म्हणजे एक खाडा. तीन हेलपाटे म्हणजे तीन खाडे. ती चौथ्यांदा जात नाही. मग लोक म्हणतात, योजना आहेत पण लोकांना नको असतात. नको कुणाला असतं हो? तिला परवडत नसतं, एवढंच.

म्हणून आम्ही एक ठरवलं. तिचा हेलपाटा आपण मारायचा. जिथं तिची सही किंवा अंगठा लागणार, तेवढ्याच दिवशी तिला न्यायचं, आणि तेही सोबत जाऊन. रांगेत शेजारी कुणी उभं असलं की बाईचा आवाज बदलतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. एकटी असते तेव्हा ती "साहेब, तेवढं बघा की" म्हणते. सोबत कुणी असलं की ती विचारते, "अर्जाची पोच कुठाय?"

अंगठ्याचंच घ्या. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावावा लागतो. ज्यांनी उभा जन्म भांडी घासली, हळद पाखडली, विटा उचलल्या, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. "अंगठा उठत न्हाई," असं सांगून त्यांना परत पाठवतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. बोट झिजलं म्हणून हक्क झिजत नाही. एका आजींना आमच्यातल्या एका मुलानं तिसऱ्या वेळी दुकानात नेलं, दहाही बोटं एकेक करून लावून बघायला लावली. डाव्या हाताची करंगळी उठली. आजी त्या करंगळीकडं कितीतरी वेळ बघत बसल्या होत्या.

आता मिरजेचं सांगते. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जत, आटपाडी, सांगोला तर आहेच, पण बेळगाव-विजापूरकडूनही पेशंट येतात. पेशंटला कॉट मिळते, सोबत आलेल्या भावाला किंवा आईला जिन्याखालची फरशी मिळते. काही मंडळं, काही देवस्थानं, काही साधी घरंसुद्धा तिथं रोज जेवणाचे डबे पोचवतात. कुणी पोळ्या देतं, कुणी भाजी, कुणी नुसती गाडीवरून ने-आण करतं. हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय. तिथं आम्हाला सर्वांत जास्त गरज कुणाची भासते माहितीय? कन्नड बोलणाऱ्या माणसाची. जतच्या पूर्व भागातली आई मराठी समजते, पण घाबरली की तिला फक्त कन्नड सुचतं. डॉक्टर काय म्हणाले ते तिला तिच्या भाषेत दोन वाक्यांत कुणी सांगितलं तर तिला रात्री झोप लागते.

आणि बिलाचं. धर्मादाय न्यासानं चालवलेल्या रुग्णालयांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणं बंधन आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. याशिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तीत ठरलेल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, आणि योजनेतल्या दवाखान्यात त्यासाठी आरोग्यमित्र बसलेला असतो. हे दोन्ही विचारायचं ते पेशंट दाखल करतानाच. मी अशा एका भावाला भेटले आहे, ज्यानं बहिणीच्या ऑपरेशनसाठी दुभती म्हैस विकली होती. रेशनकार्ड त्याच्या खिशातच होतं. त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. दवाखान्याचं नाव मी घेत नाही. पण ती म्हैस माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भागाला हे काम नवीन नाही. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, साताऱ्यात १९२४ साली सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग काढलं. पोरांना घालायला घरात दाणे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. हे आपण शाळेत शिकतो. पण मला त्याहून आवडतं ते अण्णांचं "कमवा आणि शिका". खाणारा पोरगा मिंधा व्हायला नको, ही काळजी त्यात आहे. तीच काळजी मला माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांच्या गोष्टीत दिसते. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहण्याआधी त्यांचा अर्ज एकदा नाकारला गेला होता, कारण अर्जदार बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी करून दाखवतो. या बायकांना बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांची सोबत होती. हिशेब त्यांचा स्वतःचा होता.

दिवाळीनंतर कारखान्यांचे पट्टे सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. रस्त्याकडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, चिल्लीपिल्ली उसाच्या पाचटात खेळत असतात. बीडकडून आलेल्या या कुटुंबांना वाटतं की आपलं रेशन गावाकडंच राहिलं. तसं नाही. त्यांचं कार्ड इथल्या रेशन दुकानातही चालतं, आधार जोडलेलं असलं म्हणजे झालं. गेल्या हंगामात आमच्यातल्या दोघी पहाटे कोप्यांवर गेल्या, कारण टोळी एकदा फडात गेली की रात्रीच परतते. पोरांच्या लसीकरणाचं कार्डही तेव्हाच बघून घ्यायचं, आणि जवळच्या अंगणवाडीत ताईंची गाठ घालून द्यायची. तुमच्या गावाशेजारी कोप्या पडल्या तर एवढं तुम्हीही करू शकता.

मदत करणाऱ्यांशी मला थोडं मनातलं बोलायचंय. महापुरानंतर इथं जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते. चांगल्या मनानंच पाठवले होते लोकांनी. पण फाटकी पँट, एकाच पायाचा बूट, भरजरी शालू, हे घेऊन चिखलातली बाई काय करणार? तिला हवे होते परकर, पोरींना पॅड, आणि एक स्टोव्ह. कुणीतरी विचारायला हवं होतं. दुसरं म्हणजे फोटो. वह्या घेताना एका दहावीतल्या मुलीचा फोटो निघाला, तो वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर फिरला. ती चार दिवस शाळेत गेली नाही. तिच्या आईनं वह्या परत आणून दिल्या, न बोलता, टेबलावर ठेवून गेली. तेव्हापासून आमच्या कुठल्याही कामाचा फोटो नसतो. ज्यांना फोटोशिवाय देणगी देता येत नाही, त्यांना आम्ही हात जोडतो.

आणखी एक आत्ताच सांगून ठेवते. ज्या घरात आई किंवा बाप गेलेला आहे, तिथल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. तुमच्या गल्लीत असं घर असेल तर आज संध्याकाळी जाऊन सांगा. घरात मृत्यू झाला असेल तर त्याची नोंद २१ दिवसांच्या आत करायला लावा, पुढचे शंभर हेलपाटे वाचतात. दाखले मे महिन्यात काढा, जूनमध्ये शाळांची गर्दी उसळते. आम्हाला माणसं लागतात ती अशी: आठवड्यातून दोन तास रांगेत उभं राहू शकणारी, दुचाकी असलेली, कन्नड येणारी, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मध्येच न तोडणारी. पैशाचं आमचं अडत नाही. झेरॉक्स, रिक्षा आणि चहा, एवढाच आमचा खर्च.

२०१९ च्या त्या बाईंचं सांगायचं राहिलंच. त्यांना निराधार योजनेचे पैसे सुरू झाले, पण त्याला एक वर्ष आणि दोन महिने लागले. थोरली मुलगी आता नर्सिंग करते. घर अजून तिथंच, दत्तनगरात. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्या पोरींना घेऊन शाळेत निघाल्या होत्या, तिकडं जायच्या आधी माझ्या दारात आल्या आणि कॅरीबॅग हातात दिली. तेव्हापासून तो रिवाजच झालाय. कोयनेतून विसर्ग वाढला, आयर्विनला पाणी तीस फुटांच्या पुढं सरकलं की त्यांची पिशवी माझ्या कपाटाच्या वरच्या खणात येते. गेल्या पावसाळ्यात त्या खणात अकरा पिशव्या होत्या. प्रत्येकीला चिंधी बांधून वर नाव लिहिलंय. पाणी उतरलं की ज्याची त्याची परत नेऊन देते.

नमस्कार.