टोकोरोची मारी मोतोहाशी

मित्रहो, जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट आहे आणि त्या बेटावर ओखोत्स्क समुद्राच्या काठी टोकोरो नावाचं गाव आहे. वस्ती साधारण चार हजारांची. समुद्रातून स्कॅलप नावाचे शिंपले काढायचे आणि शेती करायची, हा तिथला पोटापाण्याचा धंदा. हिवाळ्यात समुद्रावर बर्फाचे मोठमोठे तुकडे तरंगत येतात. २००६ साली हे गाव शेजारच्या किटामी शहरात विलीन झालं. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या मारी मोतोहाशी याच गावच्या. जन्म १९८६ चा.

त्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, खेळाडू. या गावात कर्लिंग कसं आलं ते आधी सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय मोतोहाशींचं काम कळणार नाही. १९८० साली होक्काइदो आणि कॅनडातला अल्बर्टा प्रांत यांच्यात मैत्रीकरार झाला. त्या देवाणघेवाणीतून हा खेळ होक्काइदोला पोहोचला. टोकोरोच्या युजी ओगुरी या गृहस्थांना त्याचं वेडच लागलं. खेळायचे दगड गावात नव्हते, तर त्यांनी बिअरच्या छोट्या पिंपांपासून घरीच दगड तयार केले आणि हिवाळ्यात उघड्यावर पाणी गोठवून खेळ सुरू केला. १९८८ मध्ये गावात कर्लिंगसाठी बंदिस्त हॉल उभा राहिला. देशात खास या खेळासाठी बांधलेला असा हॉल तोपर्यंत कुठेच नव्हता. गावातली पोरं शाळा सुटली की तिथे जायची. मोतोहाशी त्यांच्यातल्याच एक.

आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ पाहिला नसेल. कॅरममध्ये प्रतिस्पर्ध्याची सोंगटी अडवायची आणि आपली नेमकी ठेवायची, तीच बुद्धी इथे लागते. फक्त पट पंचेचाळीस मीटर लांबीच्या बर्फाचा, आणि दगड जवळपास वीस किलोचा, ग्रॅनाइटचा. एक खेळाडू दगड सोडते, दोघी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावतात. घर्षणाने बर्फाचा वरचा थर किंचित तापतो, दगड जास्त लांब जातो, कमी वळतो. ऑलिंपिकमध्ये असे दहा डाव असतात आणि प्रत्येक डावात दोन्ही संघांचे आठ-आठ दगड. डाव संपला की ज्यांचा दगड केंद्राच्या सगळ्यात जवळ, गुण त्यांना. एकाच कारखान्यातले दगडसुद्धा एकसारखे वळत नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

मोतोहाशी पहिलं ऑलिंपिक खेळल्या २००६ मध्ये, तुरिनला. वय १९. पण संघ टोकोरोचा नव्हता. होन्शूवरच्या आओमोरी शहराचा होता. त्या संघाची कर्णधार आयुमी ओनोदेरा हीसुद्धा टोकोरोचीच. खेळायचं असेल तर गाव सोडायचं, अशी रीतच होती. हॉल गावात, प्रशिक्षक गावात, पण नोकरी आणि पुरस्कर्ते बाहेर. तुरिनला जपान सातव्या क्रमांकावर राहिलं, पण कॅनडासारख्या संघाला त्यांनी हरवलं आणि देशभर या मुलींचं नाव झालं. मोतोहाशींना लोक ‘मारिलिन’ म्हणू लागले. २०१० मध्ये व्हँकुव्हरला आठवा क्रमांक.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांच्याविषयी बोलायला उभा राहिलो. दोन ऑलिंपिक खेळलेली, प्रसिद्ध खेळाडू. आओमोरीत सगळं बसलेलं होतं. ते सोडून त्या २०१० च्या ऑगस्टमध्ये टोकोरोला परतल्या आणि गावातल्या मुलींना घेऊन नवा संघ काढला, लोको सोलारे. पाठीशी मोठी कंपनी नाही. खेळाडूंनी किटामीतच नोकऱ्या धरायच्या, कुणी विम्याच्या एजन्सीत, कुणी मोटारींच्या शोरूममध्ये, आणि उरलेल्या वेळात सराव. स्वतःची कीर्ती पणाला लावून दुसऱ्यांसाठी घर बांधण्याचं हे धाडस मला पदकापेक्षा मोठं वाटतं.

फळ लगेच मिळालं नाही. २०१३ मध्ये सोची ऑलिंपिकसाठीच्या जपानी निवड स्पर्धेत लोको सोलारे मागे पडला. जागा मिळाली ती होक्काइदो बँकेच्या संघाला, आणि त्याची कर्णधार होती तीच आयुमी, आता लग्नानंतर ओगासावारा. त्या स्पर्धेत आणखी एक मुलगी हरली होती. सात्सुकी फुजिसावा, मूळची किटामीची, पण नागानोकडे जाऊन एका वीज कंपनीच्या संघात खेळणारी. २०१४ मध्ये चिनामी योशिदा आणि २०१५ मध्ये फुजिसावा लोको सोलारेत आल्या. चिनामीची बहीण युरिका आणि युमी सुझुकी आधीपासून होत्याच.

२०१५ मध्येच मोतोहाशींना मूल झालं. परत आल्या तेव्हा त्यांची जागा फुजिसावा चालवत होती. आपणच काढलेल्या संघात त्या पाचव्या झाल्या, म्हणजे राखीव. २०१६ मध्ये कॅनडातल्या स्विफ्ट करंटला झालेल्या जागतिक स्पर्धेत या संघाने रौप्य जिंकलं. जागतिक स्पर्धेतलं जपानचं ते पहिलंच पदक.

राखीव म्हणजे बाकावर बसून टाळ्या वाजवणं, असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मघाशी दगडांविषयी बोललो ते इथे आठवा. सामने संपल्यावर रात्री पाचवी खेळाडू बर्फावर उतरते आणि उद्याच्या सामन्याचे दगड टाकून पाहते. कोणता जास्त वळतो, कोणता लवकर थांबतो, कोणते दोन एकमेकांसारखे वागतात, हे टिपून ठेवते. सकाळी कुणी कोणता दगड घ्यायचा ते त्यावर ठरतं. २०१८ मध्ये प्योंगचांगला हे काम मोतोहाशींनी केलं.

ती स्पर्धा जपानमध्ये घराघरांत पाहिली गेली. खेळाडूंच्या अंगावर माइक असल्याने त्यांचं बोलणं, मध्यंतरातलं त्यांचं खाणं, सगळं लोकांपर्यंत पोहोचलं. त्यांनी खाल्लेला किटामीचा चीजकेक दुकानांतून संपला. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाकडून जादा डावात ७-८ अशी हार झाली. दुसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, कांस्यपदकासाठी ब्रिटनशी गाठ. आठ डावांनंतर ३-३. नवव्या डावात जपानने एक गुण हिसकावला. दहाव्यात शेवटचा दगड ब्रिटनच्या ईव्ह म्यूरहेडच्या हातात होता. तो बिघडला, जपानचाच दगड केंद्राजवळ राहिला, ५-३. कर्लिंगमधलं जपानचं पहिलं ऑलिंपिक पदक.

गावी सत्कार झाला तेव्हा चिनामी रडत रडत बोलली. या गावात काहीच नाही, इथे राहून स्वप्न पुरं होणार नाही असं लहानपणी वाटायचं. पण आता कळतं की इथे नसते तर ते पुरं झालं नसतं, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. समोर बसलेल्या गावकऱ्यांना यापेक्षा मोठी भेट कोणती देणार?

त्याच वर्षी मोतोहाशी मुख्य संघातून बाजूला झाल्या. लोको सोलारेची रीतसर संस्था झाली, त्या तिच्या प्रमुख झाल्या आणि तरुण मुलींसाठी लोको स्टेला हा दुसरा संघ सुरू केला. २०२२ मध्ये बीजिंगला मुख्य संघाने रौप्य मिळवलं, अंतिम सामन्यात पुन्हा म्यूरहेडच समोर होती आणि या वेळी ती १०-३ ने जिंकली. त्या संघाची राखीव खेळाडू होती कोतोमी इशिझाकी, वय ४३, व्हँकुव्हरला मोतोहाशींच्याच बरोबर खेळलेली. पाचव्या खेळाडूच्या कामाला अनुभव लागतो, हे या संघाने अनुभवानेच ओळखलं होतं. पुढच्या वर्षी जानेवारीत त्यांनी कॅनेडियन ओपन जिंकली. कर्लिंगच्या ग्रँड स्लॅम मालिकेतली स्पर्धा जिंकणारा तो आशियातला पहिला महिला संघ.