चौकात घातलेली भिंत

मित्रहो, उद्योग ओसरलेल्या शहराचे भवितव्य वास्तुरचनाकार, जमीनमालक आणि रहिवासी यांनी एकत्र बसून आखावे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु मुंबईच्या गिरणगावात अशी सलग आखणी कागदावर उतरूनही जमिनीवर का उतरली नाही, हे तपासल्याशिवाय त्या बोलण्याला वजन येत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेका गिरणीचा भोंगा थांबत गेला आणि मागे सुमारे 600 एकर जमीन उरली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58व्या नियमाने तिची ढोबळ तिहाई वाटणी ठरवली: एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. वाटणी न्याय्य दिसते. खोच अशी, की ती प्रत्येक गिरणीच्या आवारात स्वतंत्रपणे व्हायची होती. दोन गिरण्यांमध्ये एकच सामाईक भिंत असली, तरी तिच्या अल्याड एक बगिचा आणि पल्याड दुसरा. भावाभावांनी वाड्याची वाटणी करताना चौकातही भिंत घालावी, तसा हा प्रकार होता.

1996 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने नेमके हेच ओळखले. सुट्या तुकड्यांऐवजी जमिनी एकत्र धरल्या, तर सलग उद्यान, रुंद रस्ते, वस्तीला लागून घरे, आणि परळ व एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या शेजारच्या स्थानकांना जोडणारा पादचारी चौक साधेल, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र खासगी गिरण्यांची दारे या गटाला उघडली नाहीत आणि अभ्यास सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांपुरता राहिला. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच ठरली. ज्याच्या हाती जमीन आहे तोच बैठकीला येत नसेल, तर रेखाटन कितीही देखणे असो, त्याला सहयोग म्हणता येत नाही.

पुढे 2001च्या दुरुस्तीने वाटणीसाठी केवळ आधीपासून मोकळी असलेली जमीन धरली; गिरणीची इमारत पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबातून गळाली. गिरणीच्या आवारात शेड, गोदाम, साचेखाते हेच बहुतांश क्षेत्र व्यापतात, हे ध्यानात घेतले म्हणजे सार्वजनिक वाटा किती आक्रसला ते कळते. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ही दुरुस्ती सार्वजनिक हिताच्या अंगाने वाचली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो निर्णय फिरवला. मग प्रत्येक आवारात आपापले मनोरे उठले, पण त्यांच्यातील कामावर येणारी माणसे उतरत राहिली ती जुन्याच स्थानकांवर, जुन्याच जिन्यांवरून. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलाच्या अशाच एका अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण दगावले. एकवीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यात पादचारी चौक दाखवला होता, तो याच दोन स्थानकांच्या मधे.