मर्जीची धाप

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि या पावसात छत्र्या सांभाळत इथवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या रांगेत जागा आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे एक नक्की सांगते, पहिल्या बाकावर बसणाऱ्याला बाई प्रश्न विचारत नाहीत. शेवटच्या बाकावरच्याला विचारतात. बघा, आले की नाही पुढे!

पत्रिकेत विषय छापलाय 'आजारानंतर धावण्याने काय होते'. त्याचं शास्त्र सांगायचं मी कबूल केलंय आणि ते सांगणार आहे. पण आधी त्या 'धावणे' शब्दाचं बघूया. आपल्याकडे कोण धावतं हो? आपण पळतो. धावणं पुस्तकात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, पोरगं पळतं, बस पळते, दूधही उतू जायच्या आधी पळतंच म्हणा. आणि पळणं म्हटलं की दुसरा अर्थ आलाच, पळून जाणं. मी पहिल्यांदा पहाटे बूट घालून बाहेर पडले तेव्हा समोरच्या काकूंनी सडा टाकता टाकता हाक मारली, "काय गे, कुणापासनं पळूलीस?" त्या सहज बोलल्या. मला मात्र तो प्रश्न दिवसभर पुरला. कारण कुणापासून ते मला पक्कं ठाऊक होतं.

2018च्या दिवाळीत फराळाचं करताना मानेवर हात गेला आणि गाठ लागली. दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गाठीला आपण मान देत नाही, तसा मीही दिला नाही. डिसेंबरात तुकडा तपासला. लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. जानेवारीपासून केमो, दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा. त्यातलं एक औषध लालभडक असतं. ते गेलं की लघवीसुद्धा लाल होते, आणि आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस तिथंच खचतो. केस गेले. केसांचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तळपायांचं. दुसऱ्या एका औषधानं बोटांतल्या नसा बधिर होतात. गणपत गल्लीत भाजी घ्यायला गेले होते, मागून भाजीवालीनं हाक मारली, "अक्का, चप्पल!" वळून बघते तर डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागं पडलेली, आणि मला पत्ताच नाही. रस्त्यात उभी राहून रडले. भाजीवालीनं चप्पल आणून पायाशी ठेवली आणि म्हणाली, "सावकाश, अक्का." हा शब्द कन्नडातही तोच आणि आपल्यातही तोच.

मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, स्कॅन स्वच्छ आहे. तोंड गोड करायला घरात कुंदा वाटला. आणि इथून पुढं जे सुरू झालं त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरते.

ते म्हणजे 'आराम कर'. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा आणि आराम ठेवून जायचा. उठले की "बस गे", बसले की "जरा आडवी हो". पाण्याचा तांब्या उचलला तर तीन हात पुढं. प्रेमानंच, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. पण या प्रेमानं मला काचेचं भांडं करून फडताळात ठेवलं. गावातल्या एका डॉक्टरांना, माझ्यावर उपचार करणारे ते नव्हेत, मी विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "आता काय, घरी बसून देवाचं नाव घ्यायचं." मी एकावन्न वर्षांची होते! देवाचं नाव मी रोज घेते, आजही घेतलं. पण त्यासाठी घरी बसावं लागतं हे मला मान्य नाही. कपिलेश्वराला गेलं तरी प्रदक्षिणा चालतच घालतो ना आपण? आडवं पडून कोण घालतं?

हा आराम किती महागात पडतो त्याचा एक प्रयोग सांगते. 1966 साली अमेरिकेत डॅलस इथं पाच धडधाकट तरुणांना, विशीतली पोरं, तीन आठवडे नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार काही नाही. फक्त झोपून राहायचं. मग त्यांची ताकद मोजली, म्हणजे जास्तीत जास्त श्रमाच्या वेळी शरीर किती प्राणवायू वापरू शकतं ते. ती चांगलीच घसरली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना, आता पन्नाशीतल्या, पुन्हा बोलावून मोजलं. तर तीस वर्षांच्या म्हातारपणानं जेवढं नुकसान झालं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं झालं होतं. हे मी वाचलं त्या दिवशी वही बंद करून गच्चीवर जाऊन उभी राहिले. मला तर चार महिने झोपवून ठेवलं होतं, आणि धडधाकट नसताना.

आमच्या शहापूरच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा. नवव्या पायरीवर मला धाप लागायची. रक्त कमी झालेलं, स्नायू गेलेले, हे डोक्याला कळायचं. पण धाप लागली की मन एकच म्हणायचं, आला, परत आला. हात आपोआप मानेकडे. ज्यांनी मोठा आजार काढलाय त्यांना हे सांगावं लागणार नाही. समोर दोन-तीन जण मान हलवताहेत, मला दिसतंय. आजार बरा होतो, पण आपलं आपल्या शरीराशी असलेलं बोलणं तुटतं. शिंक आली तरी संशय.

माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, चाला. 2019चा पाऊस तुम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. तो ऑगस्ट, ते महापूर, पाण्यात गेलेली गावं. पाऊस ओसरला तशी मी आपल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जाऊ लागले. तिथं पहाटे फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं येतात. आपल्या भागात हे काही नवं नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच, घरटी एक तरी फौजी. येळ्ळूर, अनगोळ, कंग्राळीची पोरं, सोळाशे मीटरच्या शर्यतीसाठी वाऱ्यासारखी पळायची. मी कडेकडेनं चालायची. एक दिवस काय वाटलं कुणास ठाऊक, एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत मी पळाले. चप्पल नव्हती, नव्या बुटांच्या नाड्या दोनदा गाठ मारून बांधलेल्या. तेवढंच. दोन खांबांमधलं अंतर.

धाप लागली. छाती धडधडली. हात मानेकडे निघाला. आणि मी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले, एक मिनिट, दोन मिनिटं, आणि धाप बसली. आपोआप बसली. मित्रहो, आजारानं दिलेली धाप आपल्याला विचारून येत नाही आणि विचारून जात नाही. ही धाप मी आणली होती. मी पळाले म्हणून ती आली, मी थांबले म्हणून ती गेली. चौदा पायऱ्यांवरची धाप आणि ही धाप, फुप्फुसाला फरक नसेल कदाचित. मला होता. ती माझ्या मर्जीची धाप होती. आज इथं उभी आहे ती मुळात एवढंच सांगायला.

तर तशी वाकून उभी असताना एक पोरगा आला. "मावशी, वाकू नका, हात डोक्यावर धरा." धरले. मग विचारतो, "तुमची कसली भरती?" मी म्हटलं, "बाळा, माझी भरती दवाखान्यात झालेली. आता सुटून आलेय." तो हसला, मग त्याला कळलं आणि गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याबरोबर पळायला लागला. त्याची नडगी दुखत होती, सरावाला बंदी होती, सावकाश पळायला मुभा होती. त्याला सावकाश पळणारं कुणी हवं होतं आणि मला कुणीतरी हवं होतं.

त्यानं मला एक गोष्ट शिकवली, जी पुढं मी पुस्तकांतही वाचली. पळताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. आता बोलायचं काय? त्याला लेखी परीक्षेला सामान्यज्ञान होतं. आणि मी तर बाईच! काँग्रेस रोडवर, पहिल्या गेटाकडून दुसऱ्या गेटाकडे, रुळांच्या कडेनं आमची शाळा भरायची. मी विचारायचं, "या रस्त्याला काँग्रेस रोड का म्हणतात?" तो, "बेळगावचं अधिवेशन." "साल?" "1924." "अध्यक्ष?" "महात्मा गांधी." "आणखी कुठल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते?" "कुठल्याच नाही, मावशी, हे एकच." मलप्रभा कुठं उगवते? कणकुंबी. घटप्रभेवरचा धबधबा? गोकाक. प्रश्न एका श्वासात विचारता आला तर माझा वेग बरोबर, अर्ध्यात तुटला तर चालायचं. घड्याळ नाही, यंत्र नाही. दिवाळीपर्यंत गेट ते गेट न थांबता व्हायला लागलं. पुढं टाळेबंदी आली तेव्हा मी गच्चीवर फेऱ्या मारल्या, आणि तो फोनवरून प्रश्न विचारायचा. उलटी शाळा! दुसऱ्या खेपेला तो भरती झाला. आता कुठं आहे ते सांगत नाही, पण रविवारी फोन येतो आणि पहिलं वाक्य असतं, "मावशी, किती झालं?"

आणि तळपाय. खडी, डांबर, ओली माती, हे आधी कानांना कळायचं, पायांना नाही. एका पहाटे व्हॅक्सिन डेपोतल्या गवतावर बूट काढून उभी होते आणि उजव्या अंगठ्याला दव गार लागलं. डावा अजून थोडा बधिर आहे. पण तो गारवा… औषध थांबून महिने झाले होते, नसा त्यांच्या त्यांच्या सुधारत होत्या, हे मला कळतं. पण तो गारवा कळायला मी तिथं असायला हवं होतं, पलंगावर नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. आणि शास्त्र सगळं राहिलंय! ठीक आहे, भरभर सांगते.

पळाल्यावर आनंद का होतो? पूर्वी सगळे एंडॉर्फिनचं नाव घेत. पण ते रेणू रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत. म्हणून आता एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या, शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यांकडे जास्त बोट दाखवलं जातं. ती मेंदूत जातात आणि मन निवतं.

दुसरं, आणि हे नीट ऐका. व्यायामानं कॅन्सर बरा होतो असं मी म्हणत नाही. मला बरं केलं औषधांनी. पण जून 2025 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, शस्त्रक्रिया आणि केमो झालेले. निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तकं दिली, निम्म्यांना त्यासोबत तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात शंभरातले सुमारे नव्वद जिवंत, दुसऱ्यात त्र्याऐंशी. बहुतेक जण नुसतं भरभर चालत होते. तो कॅन्सर वेगळा, माझा वेगळा, म्हणून हे आकडे मी स्वतःला लावत नाही. पण 'आराम कर' म्हणणाऱ्यांच्या हातात हा कागद द्यावा असं फार वाटतं.

तिसरं, काळजी. त्या लाल औषधानं हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो. म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी हिमोग्लोबिन, आधी तुमच्या डॉक्टरांचा होकार. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना, ताप असताना, छातीत दुखत असताना एक पाऊलही नाही. हाडांत आजार असेल तर विचारल्याशिवाय उडी नाही, पळणं नाही.

आणि एक माणूस, दोन मिनिटांत. फ्रेड लिबो. न्यूयॉर्कची मॅरेथॉन ज्यांनी उभी केली ते. 1990 साली त्यांना मेंदूत गाठ निघाली. 1992 साली, साठीत, ते आपल्याच मॅरेथॉनमध्ये उतरले. सोबत ग्रेटे वाइट्झ, नॉर्वेची धावपटू, जिनं ती शर्यत नऊ वेळा जिंकली होती. अडीच तासांत जाणारी बाई त्या दिवशी साडेपाच तासांहून जास्त त्यांच्या पावलाला पाऊल लावून पळाली. दोन वर्षांनी लिबो गेले. आजार हरला वगैरे काही झालं नाही. पण ते बेचाळीस किलोमीटर त्यांनी पळून घेतले. मला या गोष्टीत लिबोंइतकीच वाइट्झ दिसते. सावकाश पळणारी. माझ्या नडगी दुखणाऱ्या पोरासारखी.

घंटा झाली, थांबते. परवा रविवारी, पाऊस असला तरी, पहाटे साडेपाचला मी व्हॅक्सिन डेपोवर असेन. समोर ज्यांनी मान हलवली त्यांची वाट बघते. दोन खांबांचंच अंतर आहे. चप्पल घालून येऊ नका, बूट घाला, आणि नाड्या दोनदा बांधा.