चौथं पान उलटं ठेवलंय

(एम्प्रेस सिटी मॉलचा दर्शनी भाग. गर्दी. कॅमेरा वळून गांधीसागर तलावावर.)

हा नागपूरचा एम्प्रेस सिटी मॉल. नाव कशावरून पडलं असं चहाच्या टपरीवर विचारा, लगेच उत्तर मिळतं, "मिल होती ना इथं." होती. पण आज आपल्यासोबत आलेल्या मुलांना मिलची गोष्ट ऐकायची नाही. मिल इथं सुरू करायची की नाही, हे त्यांना ठरवायचंय. साल १८७४.

(नागपूरच्या महाल भागातला वाडा. लाकडी जिना. वरच्या मजल्यावरचा वर्ग, फळ्यावर खडूने काढलेला नकाशा.)

उद्योजकतेचा हा वर्ग रविवारी सकाळी भरतो. इथं शिकवतात केस स्टडीतून, म्हणजे खऱ्या धंद्यातला एखादा निर्णय समोर ठेवून. यातलं कोणी वडिलांचं कापडाचं दुकान सांभाळतं, कोणी घरून सांबारवडीच्या ऑर्डरी घेतं, कोणी इंजिनिअरिंग करून सध्या घरीच आहे. प्रत्येकाच्या हातात तीन पानं. चौथं सरांनी टेबलावर उलटं ठेवलंय.

तीन पानांत एवढंच आहे. जमशेदजी टाटा, वय पस्तीस, कापसाच्या व्यापारात मुरलेले, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बघून आलेले. कंपनीचं भांडवल १५ लाख रुपये. गिरणी काढायची तर मुंबईत, असा तेव्हाचा शिरस्ता. नागपूरच्या बाजूने तीन गोष्टी: आजूबाजूला कापूस, वरोऱ्याचा कोळसा, आणि १८६७ मध्ये येऊन पोचलेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे. विरुद्ध बाजूला, गिरणीचं काम येणारे कारागीर इथं नाहीत, आणि हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत तुटतं.

सर विचारतात, "पैसे तुमचे आहेत. कुठं टाकता?"

(हात वर होतात. मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहतो.)

"मुंबईतच, सर. कारागीर तिथं आहेत. इथं आणले तं टिकतीन का?"

"अन् कापूस इथून तिकडं न्यायचा, कापड परत इथंच आणून विकायचं? दोन्हीकडून भाडं कोण भरीन?" हा आवाज सांबारवडीवाल्या ताईंचा. भाड्याचा हिशेब त्यांना शिकवावा लागला नाही.

या वर्गाची खरी गंमत इथंच आहे. यशोगाथांचे व्हिडिओ आपण सगळेच पाहतो. त्यात शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून मधला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटतो. केस स्टडी निर्णयाच्या अलीकडे थांबते. मालकाला त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं, तेवढंच तुम्हालाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९२१ मध्ये पहिली लेखी केस वर्गात आणली, ती एका बूट कंपनीची होती आणि अवघी एका पानाची. अहमदाबादच्या आयआयएमने (भारतीय व्यवस्थापन संस्थेने) १९६१ नंतर हीच पद्धत भारतात रुजवली, हार्वर्डच्याच साथीने. मिहान या औद्योगिक भागातल्या नागपूरच्या आयआयएमला सुरुवातीला आधार होता तो याच अहमदाबादचा. पण महालातल्या वाड्यात, मराठीत आणि गांधीसागरच्या काठची केस घेऊन वाद घालणं, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. लपवत नाही.

(तलावाचं पाणी. मुलं काठावर उभी, सर हाताने दाखवताहेत.)

दुपारी सगळे इथं येतात. आजचा गांधीसागर म्हणजेच जुना जुम्मा तलाव. त्याच्याजवळची दलदलीची जागा टाटांनी निवडली. आता सर नवी माहिती देतात: भराव टाकावा लागणार, आणि गावातला मारवाडी सावकार पैसे द्यायला तयार नाही, त्याच्या मते हे सोनं जमिनीत गाडणं आहे. सकाळी नागपूरच्या बाजूने वर गेलेले हात इथं निम्मे खाली येतात.

मग चौथं पान.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. पहिली यंत्रं स्वस्तातली निघाली, बदलावी लागली. मॅनेजर नेमले बेझनजी मेहता, रेल्वेच्या मालवाहतुकीतले. सुताचा अनुभव शून्य. मजुरांची गैरहजेरी कमी व्हावी म्हणून बक्षिसं, १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघात भरपाई. सावकाराने पुढे कबूल केलं म्हणतात, की या माणसाने माती घातली आणि सोनं काढलं. शंभरावर वर्षं चाललेली गिरणी शेवटी बंद पडली, कामगार देशोधडीला लागले. ती वेगळी केस.

(पहाट. पोह्याची गाडी. तर्रीच्या पातेल्यातून वाफ.)

पुढच्या महिन्यात मुलांनी स्वतः केस लिहायची होती. निवडली ही तर्री-पोह्याची गाडी. मालक काका बोलायला तयार, आकडे सांगायला नाहीत. "धंद्याचा आकडा कोणाले सांगू नाही, बाबू." मग पोरांनी आडवाट धरली. पोह्याची पोती किती दिवसांत संपतात, भिजवलेले चणे किती किलो, सिलिंडर कधी बदलतो, नऊच्या आत किती प्लेटा धुतल्या जातात. वहीत उतरलेला हिशेब काकांना दाखवला तेव्हा ते हसले, एक आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. पहिला कमी होता की जास्त, ते मात्र सांगितलं नाही. केस वर्गात वापरायची तर मालकाची लेखी संमती लागते, आकडे बदलून छापता येतात. तेही इथंच शिकले.

(वर्ग. काका पुढच्या खुर्चीत.)

प्रश्न ठेवला होता: दुसरी गाडी टाकावी का, आणि कुठं? एका गटाने हिंगण्याची एमआयडीसी सुचवली, पहिल्या पाळीचे कामगार मिळतील म्हणून. दुसऱ्याने धरमपेठ, कॉलेजांमुळे. भाडं, गिऱ्हाईक, वेळ, सगळं मांडून झालं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् तिथं तर्री कोण करीन?"

मसाला आजही ते स्वतः भाजतात. पहाटे, एकटे. मुलांच्या वहीत पोती होती, सिलिंडर होते, हा माणूस कुठंच नव्हता. मसाला घरी एकदाच करून दोन्हीकडे पाठवावा की पुतण्याला शिकवावा, यावर पुढचा तास गेला. काकांना पुतण्या पटला नाही.

या वर्गातून गेलेल्यांपैकी काहींनी धंदा सुरू केला, काहींचा चालला नाही, काही नोकरीला लागले.

केसमध्ये आता पाचवं पान घातलंय, मसाल्याचं. पुढच्या बॅचला ती याच रूपात मिळेल, काकांच्या सहीसकट.