कंबरेएवढी बाग

(गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, पिठ्या ढेकूण या झाडांवरच्या किडीबद्दल विचारायचं असेल त्यांनी नंतर चहाच्या वेळी गाठा. आजचा विषय आपली कंबर. बागेत कुणाकुणाची कंबर धरली आहे? हात वर करा. अरे वा, निम्मं सभागृह! मागच्या रांगेतल्या काकांचा तर हात वर नेतानाही खांदा दुखतोय, त्यांचे दोन धरू.

माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी, मे संपत आला होता. पावसाआधी कुंड्या भिंतीकडे घ्यायच्या होत्या. मी आधी सगळ्यांना पोटभर पाणी घातलं आणि मग बारा इंची जास्वंदीची कुंडी उचलली. तीही वाकून, हात लांब करून, वर कंबरेला पीळ देऊन. अशी उसण भरली की तिथेच बसून राहिले. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा त्यांनी मला पाहिलं.

तीन आठवडे अंथरुणात गेले. पण दुखण्यापेक्षा जास्त लागलं ते भेटायला येणाऱ्यांचं बोलणं. ‘आता वय झालं, बाग आवरती घ्या.’ डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले. कुंडी उचललीत कशी, हे एकानेही विचारलं नाही. पातेलं उतरवताना हात भाजला तर ‘स्वयंपाक बंद करा’ असं कुणी म्हणतं का? सांडशी घ्या म्हणतात. मग बागेलाच ही शिक्षा का? याचा राग मला अजून आहे, आणि तुमच्यापैकी कुणी बाग बंद केली असेल तर तुमच्या वतीनेही आहे.

पडल्या पडल्या आजी आठवली. रत्नागिरीकडचं घर. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले. परसातलं अळू, पडवळ तिने सुनांवर सोपवलं, पण तुळस शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवली. कारण वृंदावन तिच्या कंबरेइतकं उंच! पाणी घालणं, मंजिऱ्या खुडणं, माती उकरणं, सगळं उभ्याने. हल्ली रेझ्ड बेड, म्हणजे उंचावरचा वाफा, म्हणून जे दाखवतात ते आपल्या अंगणाअंगणात होतंच की. आपण त्यात एकच झाड लावलं, एवढंच. मी जुन्या लोखंडी मांडणीवर त्याच उंचीचा वाफा केला. मेथी, पालक, मिरची. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर रुंदी दोन फूट ठेवा, दोन्हीकडून पोचत असेल तर चार.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि बागेत अंग कसं जपायचं, हा जाहीर केलेला विषय तर राहिलाच! भराभर सांगते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दहा लिटरची बादली दहा किलोची. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्या. ओली बारा इंची कुंडी वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून कुंड्या पाणी घालण्याआधी हलवा. तेही उचलून नाही, गोणपाटावर ठेवून ओढत. उचलावीच लागली तर गुडघ्यांत वाका, कुंडी पोटाशी धरा आणि वळायचं ते पावलांनी. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि पालापाचोळा जास्त घातला तर कुंडीही हलकी होते, स्लॅबवरचा भारही कमी होतो.

खुरपताना तासभर उकिडवं बसू नका. छोटं स्टूल घ्या, नाहीतर एक गुडघा गोणपाटावर टेका, आणि वीस मिनिटांनी काम बदला. मेमध्ये नऊच्या आत गच्चीवरून खाली. कठड्याजवळ स्टुलावर चढायचं नाही. गुलाबाचा काटा लागतोच, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा. उंचावरच्या फळांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे. लांब काठी, पुढे पातं आणि जाळी. आंबा देठासकट जमिनीवरून उतरतो, मग झाडावर चढायचं कशाला?

आणि मूठ. खुरप्याची बारीक मूठ घट्ट धरावी लागते, त्यानेच मनगट आणि बोटं दुखतात. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करा. बाहेर टेबलावर दोन खुरपी ठेवली आहेत, एक साधं आणि एक ट्यूबवालं. चहाला जाताना दोन्ही हातात धरून बघा.