विश्रामबागवाडा: पेशवे गेल्यानंतर

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरून जाताना इथे जरा थांबा आणि मान वर करा. सागवानी सुरूदार खांब, त्यांच्यामधल्या महिरपी आणि रस्त्याकडे झुकलेली मेघडंबरी. हा विश्रामबागवाडा.

दुसऱ्या बाजीरावांचे मन शनिवारवाड्यात रमले नाही. १७७३ मध्ये तिथे नारायणरावांचा खून झाला होता. १७९५ मध्ये तिथल्याच माडीवरून पडून सवाई माधवराव गेले. बाजीरावांनी शहरात आणखी वाडे बांधले. त्यांतला हा वाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. खर्च सुमारे दोन लाख रुपये. आत एकामागे एक चौक, चौकांभोवती ओसऱ्या आणि वर दिवाणखाना. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा तो खांब नीट पाहा. एवढ्या जाड लाकडाला इतका नाजूक डौल देणाऱ्या सुतारांची नावे कुणी कोरून ठेवायला हवी होती.

पेशव्यांना हे घर जेमतेम दहा वर्षे लाभले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, बाजीरावांनी पुणे सोडले. पुढच्या वर्षी शरणागती, मग कानपूरजवळ बिठूरला मुक्काम. ते परत आलेच नाहीत.

वाड्याचे खरे आयुष्य मात्र पुढेच आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्याच दक्षिणेच्या पैशातला काही भाग आता पाठशाळेकडे वळला. धनी बदलला, पण विद्येसाठी राखलेला पैसा पेशव्यांच्याच वाड्यात खर्ची पडू लागला. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. पुढे इंग्रजी शिक्षण आले, पाठशाळेचे पूना कॉलेज झाले आणि त्यातूनच डेक्कन कॉलेज. १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. दोनशे वर्षांच्या त्या संस्थेचे मूळ या ओसऱ्यांत आहे, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असते.

मे १८७९. एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग, दोन्ही पेटवले गेले. ते दिवस वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे, त्यामुळे संशय आधी तिकडेच गेला. बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबागेचा काही भागच जळाला, आणि पुणेकरांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभा केला. राजा नसलेल्या राजवाड्यासाठी लोकांनी पदरचे पैसे घातले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१९३० पासून १९५९ पर्यंत इथे पुण्याच्या नगरपालिकेची, आणि मग महापालिकेची, कार्यालये होती. पेशव्यांच्या चौकातून गावाचा कारभार पुन्हा चालला, पण या वेळी तो पुणेकरांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती होता.