तीन झाडे, एक भिंग : जर्मनीतील घरगुती गांजा आणि त्यावरील किडी

१ एप्रिल २०२४ पासून जर्मनीतील प्रौढ रहिवाशाला आपल्या राहत्या घरी, केवळ स्वतःच्या वापरासाठी, गांजाची जास्तीत जास्त तीन झाडे लावण्याची मुभा कायद्याने मिळाली. ही झाडे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावी लागतात आणि त्यांचे उत्पन्न विकता येत नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाची बेकायदा लागवड हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, त्यामुळे पुढील सर्व माहिती जर्मनीतील कायदेशीर घरगुती लागवडीपुरतीच समजावी. किडी मात्र आपल्या चांगल्याच ओळखीच्या आहेत. नाशिकच्या कांद्याची पात पांढुरकी करणारे फुलकिडे, वांग्याच्या पानामागे जाळी विणणारे बारीक कोळी (माइट) आणि शेंड्यांवर बसणारा मावा यांची जातकुळी जर्मनीतल्या बाल्कनीतील कुंडीतही सापडते.

नवख्या बागायतदाराचा पहिला प्रश्न सहसा ‘काय फवारू?’ हा असतो. या झाडाच्या बाबतीत तो प्रश्न मागे ठेवावा लागतो, आणि त्याला ठोस कारण आहे. टोमॅटो आपण धुतो, भाजी शिजवतो, फळाची साल काढतो. गांजाचा फुलोरा धुतला जात नाही; तो वाळवला जातो आणि बहुतेक वेळा जाळून त्याचा धूर फुप्फुसात घेतला जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गाळणी नसलेल्या काचेच्या चिलमीतून ओढलेल्या धुरात कीटकनाशकाचे जवळपास ७० टक्क्यांपर्यंत अंश उतरल्याचे आढळले. द्राक्षावरील भुरीसाठी आपल्याकडे वापरले जाणारे मायक्लोब्यूटानिल हे बुरशीनाशक जास्त तापले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निर्माण होतो. कॅनडात २०१६-१७ च्या सुमारास परवानाधारक उत्पादकांचा औषधी गांजा याच रसायनाचे अंश सापडल्यामुळे बाजारातून परत मागवावा लागला होता. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा ‘रेसिड्यू’ हा शब्द महाराष्ट्रातील बागायतदारांच्या तोंडी कायमचा बसला. घरच्या तीन झाडांचा माल कोणत्याही प्रयोगशाळेत तपासला जात नाही, म्हणून तिथे ही जबाबदारी पूर्णपणे लावणाऱ्यावरच येते.

याचा अर्थ असा की फुलोरा धरल्यानंतर फवारणीचा मार्ग जवळजवळ बंद होतो, आणि जे काही करायचे ते त्याआधीच्या पानांच्या वाढीच्या काळात, कीड थोडी असतानाच करावे लागते. त्यासाठी फवारणीच्या पंपापेक्षा दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग अधिक उपयोगाचे ठरते.

आता पडद्यावर दिसते आहे ते पान वरून पाहिले, तर त्यावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे फिकट पिवळे ठिपके आहेत. धूळ बसली असावी असे वाटून अनेकजण इथेच फसतात. पान उलटल्यावर मधल्या शिरेच्या कडेला हलणारे कण दिसतात. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे, पिवळसर हिरवे, अंगावर दोन बाजूंना दोन गडद डाग असलेले हे दोन ठिपक्यांचे कोळी आहेत. शास्त्रीय दृष्टीने हा कीटक नव्हे. या प्रौढ कोळ्याला आठ पाय असतात. त्याच्या शेजारी काचेच्या मण्यासारखी गोल, पारदर्शक अंडी आहेत. एक मादी आपल्या आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. हवा ३० अंशांच्या जवळपास आणि कोरडी असेल, तर अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण आठवडा पुरतो. २० अंशांना त्याच प्रवासाला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. झाडे वाढवण्यासाठी घरात उभारलेल्या, दिव्यांनी तापलेल्या बंद तंबूत ही कीड एवढ्या झपाट्याने का वाढते, याचे उत्तर या हिशेबात आहे. शेंड्यावर रेशमी जाळे दिसू लागेपर्यंत वाट पाहिलेल्या माणसाच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

या कोळ्याचा सर्वांत परिणामकारक शत्रूही कोळीच आहे, आणि त्याची गोष्ट जर्मनीशीच जोडलेली आहे. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांसोबत फायटोसियुलस पर्सिमिलिस हा नारिंगी, भक्षक कोळी नकळत येऊन पोहोचला. तो ज्या कोळ्यांवर जगतो, त्यांच्यात मुख्यतः जाळे विणणारे हेच कोळी येतात, हे लक्षात आल्यावर त्याची मुद्दाम पैदास सुरू झाली. आज तो जगभरातील हरितगृहांत वापरला जातो आणि कुरिअरने बाटलीतून घरी मागवता येतो. तो सोडल्यानंतर पुष्कळजण घाबरून त्यालाच मारतात, कारण त्याचा रंग लाल कोळ्यासारखा दिसतो. त्याला ओळखायचे ते चालीवरून. पानातला रस शोषणारा कोळी एका जागी बसून असतो किंवा संथ सरकतो. हा लांब पायांचा, पेरूसारख्या आकाराचा शिकारी मात्र पानभर सतत धावत असतो. त्याला दमट हवा लागते. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली की त्याची अंडी सुकू लागतात, म्हणून कोरड्या खोलीत निओसियुलस कॅलिफोर्निकस ही अधिक चिवट जात निवडणे शहाणपणाचे आहे. दोन्ही फुलोऱ्याच्या आधीच सोडावेत, कारण फुलावरील चिकट केसांत हे लहान जीव अडकून पडतात. त्यांच्या आगेमागे साबणाचे किंवा निंबोळी अर्काचे पाणी फवारले, तर पैसे देऊन आणलेला मित्रच आधी मरतो.

मावा ओळखणे तुलनेने सोपे आहे. गांजावर जगणारी माव्याची एक स्वतंत्र जात आहे, आणि बव्हेरियातील हालरटाऊ भागात ज्या हॉप्सच्या वेलींवर बिअरचा धंदा उभा आहे, त्या वेलींवरचा मावा हा तिचा सख्खा नातेवाईक आहे. यात नवल नाही, कारण हॉप्स आणि गांजा या वनस्पतीही एकाच कुळातील आहेत. फिकट हिरवट, जवळजवळ पांढरे दिसणारे हे कीटक खालच्या पानांच्या मागे आणि खोडावर दाटीने बसतात. भिंगातून पाहिले तर त्यांच्या पाठीमागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतात. माद्या नराविना थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे आज दिसलेल्या चार माव्यांची पुढच्या पंधरवड्यात वसाहत होते. पानांवर पांढऱ्या टाकलेल्या काती, चिकटा आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी दिसली की कीड जुनी आहे असे समजावे. कोवळ्या वयाच्या झाडावर पाण्याची जोराची धार पानांच्या मागून मारणे आणि त्यानंतर पोटॅशियम साबणाचे सौम्य द्रावण वापरणे हा पहिला उपाय आहे. साबण ज्या किडीच्या अंगाला लागतो तीच मरते, म्हणून पानांची मागची बाजू कोरडी ठेवून केलेली फवारणी वाया जाते. त्यानंतर क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या मावा खाणाऱ्या अळ्या किंवा माव्याच्या अंगात अंडी घालणारी लहान गांधीलमाशी यांच्यावर काम सोपवता येते.

फुलकिड्यांनी खरवडलेल्या पानावर चंदेरी पट्टे आणि त्यांत शाईच्या ठिपक्यांसारखी काळी विष्ठा दिसते. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली की पिवळसर, सळीसारखी पिल्ले धावताना दिसतात. त्यांचा कोषावस्थेचा काळ बहुतांशी मातीत जातो, त्यामुळे केवळ पाने धुऊन ते संपत नाहीत. कुंडीच्या ओल्या मातीवर उडणारी काळी चिलटे हे तर अतिपाण्याचेच लक्षण आहे. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू देणे, पिवळे चिकट सापळे लावणे आणि गरज पडल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार पाण्यातून देणे, एवढ्याने काम भागते.

याच जिवाणूचा दुसरा प्रकार, कुर्स्टाकी, अळ्यांवर चालतो. या जिवाणूला त्याचे नाव जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून मिळाले. १९११ साली अर्न्स्ट बर्लिनर यांना तो तिथल्या पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत आढळला होता. बाल्कनीत किंवा अंगणात वाढणाऱ्या झाडाच्या फुलोऱ्यात अळी शिरली की तिच्या विष्ठेमुळे आत ओल धरते आणि करडी बुरशी लागते. हिरव्या फुलोऱ्यातून एकच पान अचानक तपकिरी पडले असेल, तर ते हलकेच ओढून पाहावे. ते सहज निघून आले तर आतला भाग सडलेला असतो, आणि तो आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट कापून फेकावा लागतो.

राहिला तांबेरी कोळी. त्याची लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर, पाय चारच, आणि साध्या डोळ्याला तो दिसत नाही. पानांच्या कडा वर वळणे, देठ ठिसूळ होणे आणि झाडाला निस्तेज, गंजल्यासारखी झाक येणे ही लक्षणे खताची कमतरता समजून लोक खत वाढवत राहतात, आणि तेवढ्यात कीड तिन्ही झाडांवर पसरते. इथे आमचे मत स्पष्ट आहे. फुलोऱ्यातील झाडावर तो सापडला, तर झाड वाचवण्याच्या नादाला लागू नये. ते पिशवीत बांधून घराबाहेर काढावे.

हा कोळी बहुतेक वेळा दुसऱ्याकडून आणलेल्या छाट कलमाबरोबर घरात येतो. म्हणून नवे रोप किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, रोज त्याची खालची पाने उलटून पाहावीत आणि त्याला हात लावल्यानंतर हात धुतल्याशिवाय जुन्या झाडांकडे जाऊ नये. हंगाम संपल्यावर दिवस लहान आणि हवा थंड होऊ लागते, तेव्हा दोन ठिपक्यांच्या कोळ्याच्या माद्या नारिंगी होतात, खाणे थांबवतात आणि कुंडीच्या कडांत, बांबूच्या फटींत, तंबूच्या शिवणीत जाऊन बसतात. रिकाम्या कुंड्या साबणाच्या गरम पाण्याने घासून घेणे, आधाराच्या काठ्या बदलणे आणि जुनी माती पुढच्या झाडासाठी न वापरणे ही कामे त्याच आठवड्यात उरकावीत.